गावकी ते ग्रामसभा

पनवेल परिसरास लोककारभाराची परंपरा जुनी आहे. रहिवाशांनी मागणी केल्यास शहरास नगरपालिका देण्याची तरतूद सन १८५० च्या कायद्यात होती. त्याच काळात, सन १८५२ मध्ये, पनवेल नगरपालिका स्थापन झाली.

खेडोपाडी मात्र गावकी देवळाच्या सभामंडपात बसे. उत्सव, वर्गणी, पाणवठा, भाऊबंदकीचे तंटे यांचा निकाल तेथेच लागे. परंतु बोलण्याचा मान वडीलधाऱ्या पुरुषांचा. स्त्रिया व दलित बांधव बहुधा बाहेरच राहत. ही उणीव कायद्याने दूर केली. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ अन्वये गावच्या मतदारयादीतील प्रत्येक व्यक्तीस ग्रामसभेत स्थान मिळाले. सन १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेस घटनेचा आधार दिला.

दि. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. तालुक्यातील २९ गावे तीत समाविष्ट झाली व तेथील ग्रामसभा संपुष्टात आल्या. इतर गावांत हा हक्क कायम आहे.

ग्रामसभेस १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ती न भरल्यास सभा तहकूब होते. तहकूब सभेस मात्र गणपूर्तीची अट नसते. मग मोजक्यांचा ठराव तोच साऱ्या गावाचा ठराव होतो.

जीर्णोद्धारासाठी घरटी वर्गणी निघाली की प्रत्येक घर हिशेब ऐकावयास येते. तीच जागरूकता ग्रामसभेतही राहो, हीच ग्रामदेवतेच्या चरणी प्रार्थना.