खराडीचं पाणी, भिगवणचं ताट



स्मरणिकेसाठी इतिहासावर लेख दे, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मी नुकताच भिगवणहून मासे खाऊन परतलो होतो. मी म्हटलं, मग त्या जेवणाचाच इतिहास लिहितो. मंडळ हसलं. पण लेख खरोखर त्याच जेवणाचा आहे, आणि त्यात आपल्या १९८१ च्या दहावीच्या तुकडीचं एक जुनं देणंही आहे.

आठवतं का पाहा. आपण आठवीत असताना वर्गात एक नवा मुलगा आला. पळसदेवचा, इंदापूर तालुक्यातला. खराडीत मामाकडे राहायचा. नववीच्या दिवाळीत इतिहासाच्या बाईंनी 'माझ्या गावाचा इतिहास' असा निबंध दिला होता. आपण सगळ्यांनी खराडीबद्दल जमेल ते लिहिलं. त्याच्या वहीत मात्र शीर्षक आणि खाली कोरं पान. बाईंनी कारण विचारलं, तर म्हणाला, "बाई, गाव पाण्यात आहे." सगळा वर्ग हसला. सर्वांत मोठ्याने मी हसलो, आणि 'पाणबुड्या' हे नावही मीच ठेवलं. बाई हसल्या नाहीत. "मोठा झालास की लिही," एवढंच म्हणाल्या.

तोच आमचा यजमान. एसटीतून निवृत्त होऊन तो आता नव्या पळसदेवात राहतो. त्याच्या आग्रहावरून जानेवारीत आम्ही आठजण खराडीहून निघालो. मुंढव्याचा पूल ओलांडताना सवयीने सगळ्यांनी खाली पाहिलं. जलपर्णीचा हिरवा गालिचा, आणि तो वास. याच पात्रात आपण शाळा बुडवून पोहायचो, हे नातवंडांना सांगितलं तर थाप वाटते.

या पात्राला माशांचाही इतिहास आहे. कर्नल साइक्स हा इंग्रज अधिकारी मुंबई सरकारच्या चाकरीत दख्खनची पाहणी करत हिंडला. इथल्या माशांवरचा त्याचा प्रबंध १८३९ चा. त्यातला 'खुद्री' हा महसीर जातीचा मासा त्याने मुळा-मुठेतून नोंदवला, पुण्याच्या पूर्वेला, म्हणजे आपल्याच बाजूला. शास्त्रीय नावं देताना त्याने स्थानिक नावंच लॅटिनच्या जोडीला बसवली : खुद्री, कोळस, नुक्टा. नुक्टाच्या नाकाडावर खाच असते. मराठी कानाला त्यात 'नकटा' ऐकू येतोच. जगभरच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत मुळा-मुठेकाठची ही नावं आजही आहेत. मासे मात्र मुंढव्याच्या पुलाखाली दिसायचे नाहीत.

आपल्या पुलाखालचं पाणी पुढे मांजरी, थेऊर करत रांजणगाव सांडसला भीमेला मिळतं आणि भीमेतून उजनीच्या जलाशयात जातं. म्हणजे हडपसर, यवत, पाटस करत शंभरेक किलोमीटर गाडी पळवून आम्ही पोचलो ते आपल्याच पाण्याच्या काठी. आमच्यातल्या माळकऱ्याने ताट यायच्या आधीच बजावलं, "खा बाबांनो, खराडीत सोडलेलंच परत घेताय!" त्याच्यासाठी पिठलं-भाकरी सांगितली होती, म्हणून त्याला विनोद परवडत होता. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी या जलाशयात येतं, हे खरंच आहे. घास घेताना ते मनातून जात नाही.

खानावळ साधी. पत्र्याची शेड, समोर पसरलेलं पाणी, उथळात उभे रोहित पक्षी. ताटात तिखट लावून कडक तळलेली अख्खी चिलापी, कटल्याच्या तुकड्यांचा लाल रस्सा, बाजरीची भाकरी, कांदा आणि लिंबू. पहिली दहा मिनिटं कुणी बोललं नाही. मग यजमान म्हणाला, "या ताटातला एकही मासा मूळचा इथला नाही."

खरं आहे. चिलापी आफ्रिकेची, भारतात ती १९५२ मध्ये आणली गेली. मादी अंडी तोंडात धरून जपते, त्यामुळे नव्या पाण्यातही तिचा वंश झपाट्याने वाढतो. कटला आणि रोहू उत्तरेकडच्या गंगेच्या खोऱ्यातले. बीज सोडून इथे रुजवलेले. मरळ, वाम, शिंगाडा हे जुने रहिवासी अजून मिळतात. वाहती नदी थांबून तळं झालं, की त्यात कोण राहील हेही बदलतं. भोई आणि कोळी समाजाची जाळी पूर्वी भीमेच्या डोहांत पडत, आता ती या जलाशयात पडतात आणि माल भिगवणच्या बाजारात लिलावाला येतो. हमरस्त्यावरच्या मच्छी-खानावळींची ओळ उभी राहिली ती या मासळीवर.

उजनीचं काम १९६६ साली सुरू झालं आणि १९८० साली पूर्ण झालं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. सोलापूरसारख्या कोरड्या जिल्ह्याला या पाण्याने ऊस दिला, प्यायला पाणी दिलं. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या कुणालाही धरण नको होतं असं म्हणता येणार नाही. पण धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा आला तो १९७६ साली, काम सुरू होऊन दहा वर्षं झाल्यावर. पुणे-डिकसळ ही आगगाडी १८५८ च्या डिसेंबरात सुरू झाली होती. रूळ हलले, गावं हलली. जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ पाण्याखाली गेलं. दुष्काळी वर्षी पाणी खूप उतरलं की ते उघडं पडतं आणि लोक होड्यांतून, चालत, दर्शनाला जातात.

"अशाच एका वर्षी मी गेलो होतो," तो म्हणाला. "देवळावरून आमची गल्ली मोजत गेलो. जोतं सापडलं. त्याच्यावर शिंपले होते."

मग जे त्याने सांगितलं ते मी हात न धुताच ऐकलं. निघायच्या आधी वडिलांनी घराची सागवानी चौकट उपसली आणि बैलगाडीत घातली. ती आज नव्या घराला आहे. शेवटच्या दिवशी सकाळी आजीने अंगण सारवलं, सडा घातला. पाणी येणार हे तिला ठाऊक होतं. वडील म्हणाले, "आई, आता कशाला?" ती म्हणाली, "जाताना घर पारोसं ठेवू नये."

आमच्यात काही क्षण शांतता होती. मग एकजण म्हणाला, "आपलीही शेतं गेलीच की. १९९७ ला खराडी महापालिकेत गेली, मग आयटीवाले आले. माझ्या ज्वारीच्या रानात आज काचेची इमारत आहे." यजमान शांतपणे म्हणाला, "तुमची शेतं तुम्ही विकलीत. भाव कमी आला असेल, घाई झाली असेल, पण सही तुमची होती. आणि इमारतीसमोर उभं राहून नातवाला दाखवता येतं, की इथे आमची विहीर होती." त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे तर नव्हतंच.

निघताना मी त्याला म्हणालो, "वर्गात मी हसलो होतो रे. नावही मीच ठेवलं."

"माहितीये," तो म्हणाला. "वर्षभर राग होता. पण त्या दिवशी कोरं पान मी मुद्दाम दिलं नव्हतं. तीन वेळा सुरुवात केली होती. गाव 'आहे' लिहू की 'होतं' लिहू, तेच ठरेना."

मी त्याला म्हटलं, आता लिही. तो म्हणाला, "माझ्याच्याने नाही होणार. तू लिही. तुला तेवढी शिक्षा हवीच."

म्हणून हा लेख. बाई, तुम्ही मेळाव्याला येणार आहात असं कळलं. नववीतला राहिलेला निबंध जमा करतो आहे. अक्षर माझं आहे, पण गाव त्याचं आहे. मार्क त्यालाच द्यावेत.