सोडता येईल तोच हात सुरक्षित : तुंबलेली नळी मोकळी करणाऱ्या मशीनची गोष्ट

मागच्या वेळी आपण कपडे धुण्याच्या यंत्राचा इतिहास पाहिला. कपडे पिळायचे ते दोन रूळ तुम्हाला आठवत असतील. बोटं त्यात गेली की हात पार कोपरापर्यंत ओढला जाई, म्हणून पुढे रुळांचा दाब एका झटक्यात सोडणारी दांडी आली. आज त्याच यंत्राची मोटर आपल्याला वेगळ्या जागी भेटणार आहे, सांडपाण्याच्या नळीच्या तोंडाशी.

गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डी मॉइन शहराच्या परिसरात. काळ 1930 च्या दशकातल्या महामंदीचा. घरातून रस्त्याखालच्या गटारापर्यंत जाणाऱ्या नळ्या तेव्हा बहुतेक भाजलेल्या मातीच्या असत, आणि दोन नळ्यांचा सांधा सिमेंटने भरलेला असे. सांध्याला बारीकशी चीर पडली की झाडाची मुळं पाण्याच्या ओढीने आत शिरत. आत गेली की त्यांची जटा होई आणि नळी तुंबे. मग उपाय काय, तर अंगण खणायचं.

सॅम्युअल ब्लँक यांच्या मुलाच्या घरची नळी अशीच तुंबली. 1933 मध्ये त्यांनी यावर स्वतःचं यंत्र तयार केलं. त्यात कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर होती, चाकं स्केट्सची होती, आणि पुढे तीन अष्टमांश इंच जाडीची पोलादी तार, तिच्या टोकाला पाती. तार नळीत सारायची, मोटर ती गरगर फिरवणार, पाती मुळं कापणार. मोटर धुलाई यंत्राची का, हेही उघड आहे. मेटॅग कंपनीचा कारखाना जवळच्याच न्यूटन गावात होता. या यंत्राचं नाव पडलं रोटो-रूटर. ब्लँक यांनी ही यंत्रं 250 डॉलरला विकली, आणि काम गेलेल्या कितीतरी माणसांनी ती घेऊन स्वतःचा धंदा सुरू केला.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. करवतीला झाकण घालता येतं, पट्ट्याला जाळी लावता येते. या तारेला काय घालणार? ती हातानेच पुढे सारायची असते. समोर मूळ आहे, वळण आहे की नळी फुटली आहे, हे डोळ्यांना दिसत नाही, ते तारेवरच्या हातालाच कळतं. फिरत्या भागाला हात लावू नका, हा कारखान्यातला पहिला नियम, आणि इथे तोच मोडल्याशिवाय काम होत नाही. त्यामुळे या मशीनच्या सुरक्षिततेचा इतिहास हात दूर ठेवण्याचा नाही. हात, पाय आणि वीज ऐन वेळी सोडता कशी येईल, याचा तो इतिहास आहे.

धोका नेमका कुठे असतो? पातं मुळात अडकतं आणि थांबतं. मोटर मात्र थांबत नाही. मग तारेला पीळ बसत जातो, घड्याळाच्या चावीसारखा. हा साठलेला पीळ जागा शोधतो, आणि मोकळी जागा असते मशीन आणि नळीचं तोंड यांच्या मध्ये, म्हणजे जिथे आपला हात असतो तिथेच. तार उसळते, तिचा फास पडतो, बोट किंवा मनगट त्यात सापडतं. म्हणून मशीन नळीच्या तोंडापासून दोन फुटांच्या आत ठेवायचं. तेवढं जमत नसेल तर मधल्या तारेला आधार द्यायचा. जोर लावायचा नाही. पीळ जाणवला की पाय उचलायचा. उलटी फिरकी फक्त अडकलेलं टोक सोडवण्यापुरती. उलट्या फिरकीवर काम करायचं नाही.

पाय म्हणतो तो पायाने दाबायच्या बटणावरचा. दोन्ही हात तारेवर असताना मशीन बंद करायचं कसं, याचं उत्तर म्हणजे हे बटण. पाय ठेवला की मशीन चालू, उचलला की बंद. पुढे त्यात हवेचा फुगा आणि नळी आली. पायाखाली फक्त हवा दाबली जाते, विजेचं बटण मशीनवरच राहतं, ओल्या फरशीपासून लांब. यातला नियम सोपा आहे, पण तोच जास्त मोडला जातो. तार ज्याच्या हातात, बटण त्याच्याच पायाखाली. एकाने तार धरायची आणि दुसऱ्याने “दाब”, “सोड” ऐकून बटण चालवायचं, हा घोळ हाताशी येतो.

हातमोज्यांचंही तसंच. कापडी मोजा तारेच्या वेटोळ्यात अडकतो आणि हात ओढून नेतो. सैल रबरी मोज्याचं तेच. मोजे चामड्याचेच हवेत. घाणीपासून बचावासाठी रबरी मोजे आत, चामड्याचे वर. आधी कुणी नळीत ॲसिड किंवा पावडर ओतली होती का, हे विचारूनच तार घालायची, कारण फिरती तार ते तोंडावर उडवते.

आता वीज. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात चार्ल्स डॅलझील विजेच्या धक्क्याचा अभ्यास करत होते. त्यांनी स्वयंसेवकांच्या हातात तार देऊन मोजलं, की किती विजेला मूठ उघडेनाशी होते. पुरुषांच्या बाबतीत सरासरी आली सुमारे 16 मिलिअँपिअर. इतक्या कमी विजेलाही स्नायू आवळतात, आणि माणसाला सोडायचं असूनही सोडता येत नाही. 1961 मध्ये त्यांनी एक उपकरण शोधलं. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत जेमतेम 5 मिलिअँपिअरचा फरक पडला, की ते सेकंदाच्या चाळिसाव्या भागात पुरवठा तोडतं. 1975 मध्ये अमेरिकेच्या वीज-संहितेने न्हाणीघरासाठी ते सक्तीचं केलं. आपल्याकडे याच तत्त्वावरचं आरसीसीबी असतं, घरगुती संरक्षणासाठी बहुधा 30 मिलिअँपिअरचं. हात न सोडवणारी वीज या उपकरणाने सोडवली.

आता आपल्याकडे येऊ. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा ठरवलं. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी 10 लाखांची भरपाई सांगितली, 2023 मध्ये ती 30 लाख केली. माणूस बाहेर आणि यंत्र आत, ही दिशा बरोबरच आहे. पण यंत्र आणलं की आपली जबाबदारी संपली असं आपण समजतो. बाहेर उभ्या माणसाचा हात तारेवरच असतो. म्हणून आपल्या सोसायटीत हे मशीन येईल तेव्हा एवढं तरी पाहू: प्लग आरसीसीबीवर आहे का, पायाचं बटण चालतं का, मोजे चामड्याचे आहेत का, आणि “लवकर आटपा” म्हणत आपणच तर घाई करत नाही ना? अडकलेली तार सोडवायला वेळ लागतो. तो वेळ त्या माणसाला देणं आपल्या हातात आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.