थकलेलं भाडं आणि तीन कायदे

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या उत्तरेला वाशीम. अंतर थोडं, पण मधली सीमा जुनी: इकडे निजामाचं राज्य, तिकडे वऱ्हाड. निजामी १९४८ मध्ये संपली, तरी थकबाकीदार भाडेकरूचा हिशेब दोन्हीकडच्या शहरांत वेगळाच राहिला.

मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा कायदा. ठरलेल्या तारखेनंतर पंधरा दिवसांत भाडं न आल्यास मालक भाडे नियंत्रकाकडे जाई. वऱ्हाडात १९४९ चा मध्य प्रांत-वऱ्हाड आदेश. तिथे नोटिशीलाच नियंत्रकाची परवानगी लागे. ती मिळण्याचं एक कारण तीन महिन्यांची थकबाकी, दुसरं भाडं थकवण्याची सवय. (सवय सिद्ध करणं वकिलांच्या पथ्यावरच पडलं असणार.)

मुंबईचा १९४७ चा कायदा सर्वांत सैल. सहा महिने भाडं थकलं आणि नोटिशीनंतर महिनाभरातही भरलं नाही, तर मालकाची बाजू भक्कम होई.

महाराष्ट्र १९६० मध्ये एक झाला. हे तीन कायदे मात्र ३१ मार्च २००० रोजी एकत्र आले. आता नोटिशीनंतर नव्वद दिवस थांबावं लागतं. दाव्याचं समन्स मिळाल्यावरही नव्वद दिवसांत थकबाकी, पंधरा टक्के व्याज आणि खर्च भरला, तर भाडेकरूचं घर वाचतं.