मातीचीं कबुतरें

मिरजेस गेलेला संगीतप्रेमी मनुष्य सतारमेकर गल्लींत डोकावल्यावांचून सहसा परतत नाहीं. कोठें भोपळे वाळत पडलेले आहेत, कोणी तंबोऱ्याच्या दांडीवर रंधा फिरवीत आहे, कोणी जवारी लावीत बसला आहे, असें तेथील दृश्य असतें. २०२४ मध्यें मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळालें. परंतु ह्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार होते, म्हणजे हत्यारें घडविणारे आणि घांसून लखलखीत करणारे लोक होते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हत्यारांचें काम आटत चाललें, तेव्हां फरीदसाहेब शिकलगार यांनीं तोच हात वाद्यांकडे वळविला आणि मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनीं त्यांस आश्रय दिला. श्रोतेहो, आज मला बंदुकीच्या छंदाविषयीं बोलावयाचें आहे. आणि ह्या छंदाचा इतिहासही पुष्कळ अंशीं असाच, एका कसबानें आपलें काम बदलल्याचा आहे.

आपल्या सातारा-सांगली भागास बंदूक नवी नाहीं. १६९९ च्या अखेरीस औरंगजेबानें सातारच्या किल्ल्यास वेढा घातला आणि प्रयागजी प्रभूंनीं तो किल्ला १७०० च्या एप्रिलपर्यंत लढविला. त्या काळच्या लढायांत तोड्याची बंदूक हें नेहमींचें हत्यार होतें. नळीच्या तोंडांतून दारू ओतावयाची, गोळी गजानें ठासावयाची, कानांत रंजक घालावयाची, आणि मग पेटत्या तोड्याचें टोंक त्या रंजकेवर टेकवावयाचें, एवढा खटाटोप एका बारासाठीं करावा लागे. पावसानें तोडा विझला कीं बंदुकीची काठी होई. पुढें गारेची ठिणगी आली, त्याहीपुढें टोपीची बंदूक आली, तरी ठासणें चुकलें नाहीं. अशा बंदुकीनें शिकार करणाऱ्यास नेम एकदांच साधावा लागे. तो चुकला तर दुसरा बार भरून होईपर्यंत हरिण दुसऱ्या शिवारांत पोंचलेलें असे. जनावराला एक संधि होती, आणि त्या संधीमुळेंच शिकाऱ्याच्या कसबाला किंमत होती.

१८४८ मध्यें सातारचें राज्य खालसा झालें. १८५७ च्या उठावांत रंगो बापूजी गुप्ते यांच्या कटाचा सुगावा लागून १७ जणांना साताऱ्याच्या गेंडामाळावर देहान्त शासन झालें. ह्यानंतर देशांत लोकांचीं हत्यारें काढून घेण्याचें सत्र चाललें, आणि १८७८ मध्यें लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत हत्यारांचा कायदा झाला. परवान्यावांचून बंदूक बाळगणें हा गुन्हा ठरला. मात्र त्या कायद्याखालील नियमांनीं युरोपियनांना त्यांतून सूट दिली. १८८७ च्या मद्रास अधिवेशनांत राष्ट्रसभेनें ह्या कायद्याविरुद्ध ठराव केला, यावरून सुशिक्षितांस तो किती झोंबला होता तें दिसतें. बंदूक ही आतां गरजेची वस्तु न राहतां सरकारी मर्जीची खूण झाली. ज्याच्या दिवाणखान्यांत दुनळी टांगलेली, तो प्रतिष्ठित.

ज्यांना परवाना होता किंवा सूट होती, त्यांचा छंद मात्र ह्याच काळांत भरास आला. त्याचें कारण नव्या बंदुका. पॅरिसच्या लफोशे नांवाच्या कारागिरानें १८३५ च्या सुमारास मागून उघडणारी, काडतुसाची बंदूक केली. ती १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनांत मांडली गेली आणि इंग्रज कारागिरांचे डोळे उघडले. १८७५ मध्यें बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स यांच्या कारखान्यांत ॲन्सन व डीली ह्या दोघांनीं बाहेर घोडे नसलेली दुनळी तयार केली. पुढें रिकामें काडतूस आपोआप बाहेर फेंकणाऱ्या बंदुका आल्या, आणि १९३१ मध्यें एकीवर एक नळ्या असलेली ब्राउनिंगची बंदूक विक्रीस आली. लंडन-बर्मिंगहॅमचे कारखानदार हिंदी संस्थानिकांसाठीं नक्षीदार बंदुका मुद्दाम घडवून पाठवीत. नव्या मालाचीं सूचिपत्रें हा हौशी लोकांचा आवडता ग्रंथ असे. बारा बोअर हा शब्द तेव्हांपासून आपल्याकडे रुळला. एक रत्तल शिशाच्या सारख्या १२ गोळ्या केल्या, तर त्यांतील एक जिच्या नळींत बरोबर बसेल ती बारा बोअरची बंदूक, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

बंदूक सुधारली, पण पाखराचे पंख होते तेवढेच राहिले. माण, खटाव, आटपाडी, जत ह्या कोरड्या तालुक्यांच्या माळांवर तित्तर, लावे व ससे यांवर बार पडत. पश्चिमेस कोयना-वारणेच्या खोऱ्यांत सांबर, रानडुक्कर, बिबळ्या यांच्यामागें लोक लागत. महाबळेश्वरास आर्थर सीटच्या वाटेवर वाघाचें पाणी म्हणून एक झरा दाखवितात; पाणी प्यावयास येणाऱ्या वाघांची आठवण त्या नांवांत राहिली आहे. जंगलतोड आणि नांगर हींही रानें ओस पडण्याचीं कारणें होत, हें खरें. तथापि नव्या बंदुकीचा वाटा त्यांत लहान नव्हता. ठासणीच्या बंदुकीनें ज्याला एक बार मिळे, त्याला आतां क्षणार्धांत दोन आणि पुढल्या क्षणीं आणखी दोन मिळूं लागले. जनावराची संधि गेली, आणि तिच्याबरोबर शिकाऱ्याच्या नेमाची प्रौढीही उतरली.

ही उणीव विलायतेंतही भासली होती. तेथें जिवंत कबुतरें पेटीखालीं कोंडून, दोरीनें पेटी उलटून, उडालेल्या पाखरावर बार टाकण्याचे सामने होत. ट्रॅप म्हणजे सांपळा, हें ह्या खेळाचें नांव त्या पेटीवरूनच पडलें. लंडनचा हर्लिंगहॅम क्लब १८६९ मध्यें मुख्यतः ह्याच खेळासाठीं निघाला. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें तर जिवंत कबुतरांची स्पर्धा झाली आणि २१ कबुतरें मारणारा बेल्जियमचा एक गृहस्थ तींत पहिला आला. लोकांना त्याची किळस आली असावी. पुढें ऑलिंपिकमधून तो प्रकार गेला आणि इंग्लंडांत १९२१ च्या कायद्यानें कोंडलेल्या पाखरांवर बार टाकण्यास बंदी झाली. बदली पाखरूं मात्र अगोदरच सांपडलें होतें. अमेरिकेंत प्रथम कांचेचे गोळे उडवून पाहिले. १८८० मध्यें सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगॉव्स्की यानें भाजलेल्या मातीची बशीसारखी चकती काढली. ती पाखरासारखी तरंगत जाई. पण इतकी टणक असे कीं छरा लागला तरी नुसता नाद होई आणि चकती न फुटतां पुढें जाई. म्हणून पुढें डांबर व चुनखडीची पूड यांची ठिसूळ चकती आली. नांव मात्र मातीचें कबूतर असेंच राहिलें.

आजचा खेळ कसा चालतो तें थोडक्यांत सांगतों. चकतीचा व्यास सुमारें ११० मिलिमीटर व वजन सुमारें १०५ ग्रॅम असतें. ऑलिंपिक पद्धतीच्या मैदानावर जमिनींत खंदक असून त्यांत १५ यंत्रें असतात. त्यांच्यामागें १५ मीटरांवर पांच नेमबाजांच्या जागा असतात. नेमबाजानें आवाज दिला कीं एक चकती ताशी सुमारें १०० किलोमीटरच्या वेगानें सुटते. ती डावीकडे जाईल, उजवीकडे कीं समोर, हें त्यास अगोदर कळत नाहीं. परंतु २५ चकत्यांच्या फेरींत प्रत्येकास डाव्या, उजव्या व सरळ चकत्या सारख्याच संख्येनें मिळाव्यात, अशी योजना असते. काडतुसांतील छरे २४ ग्रॅमहून अधिक चालत नाहींत. चकतीचा एक कपचा उडालेला दिसला तरी नेम लागला असें धरतात. येथें नीट लक्ष द्यावें. बंदूक कितीही नवी असो, छऱ्यांचें वजन ठरलेलें. चकती मात्र हवी तितकी वेगवान करतां येते. सुधारलेल्या बंदुकीनें जी बरोबरी मोडली होती, ती नियमांनीं पुन्हां बसविली. ज्यास आपण खेळ म्हणतों, तो येथें सुरू झाला असें मला वाटतें.

हा खेळ आपल्या देशांत सामान्यांचा कसा होऊं लागला, ह्या कथेंत एक मराठी नांव येतें. बंदूक परक्या सत्तेची असतांना लोकांनीं तिच्याकडे कोणत्या नजरेनें पाहिलें, हें सांगलीकरांस सांगावयास नको. २४ जुलै १९४३ रोजीं वसंतदादा पाटील व त्यांचे सहकारी सांगलीच्या तुरुंगांतील पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून बाहेर पडले. पाठलागांत अण्णासाहेब पत्रावळे व बाबूराव जाधव यांनीं प्राण दिले आणि खुद्द दादांस गोळी लागली. त्यानंतर आठ वर्षांच्या आंत, १९५१ मध्यें, राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष झाले गणेश वासुदेव मावळंकर. त्यांचें घराणें मूळचें रत्नागिरी जिल्ह्यांतील मावळंगें गांवचें. ते गांधीजींचे अनुयायी, सत्याग्रहांत तुरुंगवास भोगलेले आणि पुढें लोकसभेचे पहिले सभापति. अशा पुरुषानें नेमबाजीच्या संघटनेचें अध्यक्षपद पत्करावें, हें प्रथम विचित्र वाटतें. मला तें विचित्र वाटत नाहीं. जी वस्तु पाऊण शतक मर्जीची खूण म्हणून मिरविली गेली, ती शिस्तीनें नागरिकांच्या हातीं यावी, हें स्वराज्याशीं सुसंगतच होतें.

त्याच सुमारास, १९४८ मध्यें, राष्ट्रीय छात्रसेना निघाली, आणि १९६१ मध्यें देशांतील पहिली सैनिकी शाळा साताऱ्यास उघडली. छात्रसेनेच्या मुलांना चांदमारीस नेण्याचें काम शिक्षक म्हणून माझ्याकडेही कांहीं वर्षें होतें. वर्गांत क्षणभर स्वस्थ न बसणारा मुलगा पॉइंट टू-टू रायफलीमागें पालथा पडला, कीं श्वास रोखून दगडासारखा स्थिर होई. तो देखावा मीं कितीदां तरी पाहिला आहे, आणि माझ्या कोणत्याही छडीला तें साधलें नव्हतें.

शिकारीचे दिवस मात्र सरत आले होते. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व १९९१ ची त्यांतील दुरुस्ती यांनीं हौसेच्या शिकारीचें दार बंद केलें. १९८५ मध्यें सांगली जिल्ह्यांतील सागरेश्वर हें अभयारण्य झालें. तेथें उजाड डोंगरावर झाडें लावून हरणें आणून सोडलीं होतीं. चांदोली २००४ मध्यें राष्ट्रीय उद्यान झालें आणि २०१० मध्यें सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. ज्या रानांतून जनावरें उठलीं, त्याच रानांत तीं परत यावींत म्हणून आतां सरकार खर्च करीत आहे.

आमच्या आजोबांची एक ठासणीची बंदूक वाळवें तालुक्यांतील घरीं ओटीवर टांगलेली असे. परवाना पीकसंरक्षणाचा. निवडणूक आली कीं ती पोलीस ठाण्यांत जमा होई आणि निकालानंतर परत येई. उसांत रानडुकरें शिरलीं म्हणजे आजोबा नुसत्या दारूचा बार उडवीत, गोळी घालीत नसत. मीं एकदां कारण विचारलें, तेव्हां म्हणाले, "अरे, डुकराला शेत सोडायला आवाज पुरतो." आज वरातींत हवेंत बार उडविणाऱ्यांच्या वार्ता वाचतांना मला ते आठवतात. २०१९ च्या दुरुस्तीनें अशा बारास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली आहे. वर गेलेली गोळी खालीं कोणाच्या अंगणांत येते, हें उडविणारा पाहत नाहीं. त्यास छंद म्हणणें हा शब्दाचा अपमान आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. मातीच्या कबुतरांचा खेळ अद्याप श्रीमंतीच्या उंबऱ्याबाहेर पुरतेपणीं आलेला नाहीं. १९६२ मध्यें कैरोच्या जागतिक स्पर्धेंत ह्या खेळांत रौप्यपदक आणणारे करणीसिंह हे बिकानेरचे महाराज होते. २००४ मध्यें अथेन्सला रौप्यपदक मिळविणारे राज्यवर्धन राठोड सैन्याधिकारी. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें स्कीटच्या मिश्र स्पर्धेंत आपल्या जोडीचें कांस्यपदक एका चकतीनें हुकलें. प्रत्येक नेमास एक चकती फुटते, एक काडतूस संपतें, आणि छरे दूरवर पडतात म्हणून मोकळें विस्तीर्ण मैदान लागतें. एअर रायफल शाळेच्या सभागृहांतही चालते. म्हणूनच शेजारच्या कोल्हापुरानें तेजस्विनी सावंत, राही सरनोबत असे नेमबाज रायफल-पिस्तुलांत दिले, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजीं कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनें पॅरिसला ५० मीटर रायफलींत कांस्यपदक जिंकलें. तो एका शिक्षकाचा मुलगा. सरकारी क्रीडा प्रबोधिनींत शिकलेला. १९५२ मध्यें कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं हेलसिंकीस कुस्तींत कांस्यपदक मिळविलें होतें. त्यानंतर मराठी खेळाडूस ऑलिंपिकचें वैयक्तिक पदक मिळावयास ७२ वर्षें लागलीं.

खाशाबांना हेलसिंकीस जाण्यासाठीं लोकांपुढें हात पसरावा लागला होता. कृष्णाकाठच्या एखाद्या शेतकऱ्याच्या मुलीस चकतीवर नेम धरावासा वाटला, तर तिच्यावर ती पाळी येऊं नये. त्यासाठीं सार्वजनिक चांदमारीचीं मैदानें, तेथें ठेविलेल्या सामाईक बंदुका आणि जाणता शिक्षक एवढें तरी हवें. माळ आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि आतां तेथें तित्तरांवर बार टाकण्याचें कारणही उरलेलें नाहीं.