राजाचा शब्द आणि दगडावरची साक्ष

जुन्नरहून घाटघरला पोचले की पुढे नाणेघाट. कोकणातून वर येणारा मालाचा रस्ता इथे माथ्याला लागतो. तिथल्या खोदीव दालनाच्या डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत एक लांबलचक लेख आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला हा लेख पंडित भगवानलाल इंद्रजींनी अभ्यासला आणि १८८३ साली बूलरने तो सविस्तर प्रसिद्ध केला. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज तिथे पायांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे तेवढी उरली आहेत : सिमुक सातवाहन, देवी नायनिका, राजा सिरी सातकनि, महारठी त्रनकयिर, काही कुमार.

लेख ठिकठिकाणी फुटलेला आहे. तरीही जे वाचता येते ते थोडेथोडके नाही. इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन करून मजकूर सुरू होतो. पुढे यज्ञांची यादी येते. अश्वमेध, राजसूय, अग्न्याधेय अशी नावे आणि प्रत्येकापुढे दक्षिणा. कुठे सतराशे गाई आणि दहा हत्ती, कुठे अकरा हजार गाई आणि हजार घोडे. राणीबद्दल म्हटले आहे की ती महिना-महिना उपवास करी, घरात राहून तापसीसारखी जगे, ब्रह्मचर्य पाळी. ती नागनिका (मूर्तीवरच्या नावातली नायनिका), पहिल्या सातकर्णीची राणी, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

या लेखाला मी खोटे म्हणणार नाही. पण तो ज्याचा त्याने दिलेला जबाब आहे, हे विसरून चालत नाही. यज्ञ कोणी केला, दान किती दिले, हे सांगणारे राजकुलच आहे.

राजाने स्वतःबद्दल सांगणे वेगळे आणि इतरांनी त्याला जोखणे वेगळे. प्राचीन इस्राएलच्या राजांविषयीचे ग्रंथ शेजारी ठेवले की हा फरक लख्ख दिसतो. बायबलमधले ‘राजे’ हे दोन ग्रंथ राजांनी लिहवून घेतलेले नाहीत. प्रत्येक राजाचा निकाल तिथे एकाच कसोटीवर लागतो : तो परमेश्वराशी एकनिष्ठ राहिला की नाही. अम्री हा मोठा सत्ताधीश. अश्शूरचे दप्तर त्याच्यानंतरही कितीतरी वर्षे इस्राएलला त्याच्याच घराण्याच्या नावाने ओळखत होते. मवाबच्या मेशा राजाचा १८६८ साली सापडलेला शिलालेख सांगतो की अम्रीने मवाबला जेरीस आणले होते. ‘राजे’ ग्रंथ मात्र त्याला मोजक्या ओळींत निकालात काढतो, कारण त्या कसोटीवर तो नापास झाला. शलमोनासारखा वैभवशाली राजाही सुटला नाही. त्याने मवाबच्या कमोश देवासाठी उच्चस्थान, म्हणजे उंचावरचे पूजास्थळ, बांधले, हा त्याच्यावरचा आरोप. इ.स.पू. ६२२ च्या सुमारास योशीया राजाने मंदिरात सापडलेला नियमशास्त्राचा ग्रंथ ऐकला, कपडे फाडले, करार नव्याने केला आणि ते उच्चस्थान भ्रष्ट केले.

जुन्नरच्या डोंगरांत ही कसोटी लागत नाही. नाणेघाटात अश्वमेधाचा अभिमान आहे आणि त्याच मुलखात लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी, तुळजा इथे बौद्ध भिक्षूंसाठी लेणी खोदली जात होती. दाते बहुतेक साधे लोक : धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने एक लेणे आणि टाके दिले, चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला, इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाचे काम करणाऱ्यांच्या श्रेणींकडे ठेव ठेवून धर्मकार्याची सोय लावलेली दिसते. मानमोडीला नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याने टाके आणि मंडप करविला, वर्ष ४६. हा शक मानला तर इ.स. १२४. नहपानाची नाणी सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुढे हजारोंनी आपल्या छापाने पुन्हा ठोकली. १९०६ साली जोगळटेंभीला सापडलेला ढीग त्याचा पुरावा. पराभूत नहपानाचे नाव असलेला मानमोडीचा लेख मात्र आजही वाचता येतो.

या गौतमीपुत्राला नाशिकच्या एका लेखात ‘एकबम्हण’, एकमेव ब्राह्मण, म्हटले आहे. म्हणजे स्वधर्माचा अभिमान पक्का. तरीही राज्यवर्ष १८ मध्ये त्याने गोवर्धनच्या अमात्य विष्णुपालिताला आज्ञा पाठवून नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरच्या भिक्षूंना दोनशे निवर्तने (जमिनीचे तेव्हाचे माप) शेत दिले. शेत पूर्वी नहपानाचा जावई उषवदात याच्या ताब्यातले. शत्रूची जमीन जिंकायची आणि भिक्षूंना द्यायची, हे कोणत्याही विजेत्याला शोभेल असे दान आहे.

मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. राज्यवर्ष २४. नवा अमात्य श्यामक. आज्ञेत राजा आणि राजमाता दोघांचा उल्लेख आहे, आणि मजकूर असा की पूर्वी दिलेले कखडी गावचे शेत कसले जात नाही, गावही वसलेले नाही. तेव्हा नगराच्या सीमेवरच्या आमच्या राजकीय शेतातून शंभर निवर्तने या भिक्षूंना द्यावीत. क्षेत्र निम्मे झाले आहे, हे खरे. पण ही जमीन राजाच्या स्वतःच्या शेतातली आहे. शत्रूकडून आलेले ओसाड शेत दान म्हणून कागदावर राहू देणे सोपे होते. सहा वर्षांनी उणीव मान्य झाली आणि ती स्वतःच्या पदरचे देऊन भरून काढली गेली.

अकरा हजार गाईंच्या आकड्यापेक्षा या शंभर निवर्तनांवर माझा विश्वास जास्त बसतो. नाणेघाटाची यादी राजाने काय दिले ते सांगते. नाशिकचा वर्ष २४ चा लेख दिलेले उपयोगी पडले नाही, हे राजाने मान्य केल्याचे सांगतो. कखडीचे शेत पडीक राहिले, हे राजाने स्वतःच्याच आज्ञेत कोरू दिले. आपले दान फसले असे सांगणारे राजलेख फार थोडे.

पावसाळ्यात नाणेघाटाला जाणारे पुष्कळ आहेत. त्यांनी भिंतींना हात न लावता त्या यादीकडे जरूर पाहावे आणि सवड काढून नाशिकच्या तिसऱ्या लेण्याच्या ओसरीतही जावे. वर्ष १८ ची आज्ञा आणि तिची वर्ष २४ ची दुरुस्ती, दोन्ही तिथे एकाच भिंतीवर आहेत.