आइव्ह्‌ज, चार्ल्स : वाद्यवृंदरचनांची ध्वनिमुद्रणे

चार्ल्स आइव्ह्‌ज (२० ऑक्टोबर १८७४–१९ मे १९५४) हा आधुनिक अमेरिकन संगीताचा एक प्रवर्तक. जन्म कनेटिकट राज्यातील डॅनबरी येथे. येल विद्यापीठातील शिक्षणानंतर त्याने न्यूयॉर्कमध्ये विमाव्यवसाय केला व फावल्या वेळात संगीतरचना केली. १९२७ च्या सुमारास त्याचे नवे लेखन थांबले, तेव्हा त्याच्या बहुतेक मोठ्या वाद्यवृंदरचना हस्तलिखितांतच होत्या. त्या सर्वदूर पोहोचल्या त्या प्रामुख्याने ध्वनिमुद्रणांमुळे.

लीओपोल्ड स्टोकॉफ्स्कीने १९६५ मध्ये दोन साहाय्यक संचालकांसह चौथी सिंफनी प्रथम सादर केली आणि लगेच मुद्रितही केली. विद्यार्थिदशेतील पहिली सिंफनी व ‘रॉबर्ट ब्राउनिंग ओव्हर्चर’ या उपेक्षित रचना मॉर्टन गूल्डने त्याच दशकात शिकागो सिंफनी वाद्यवृंदासह मुद्रित केल्या.

मात्र ध्वनिमुद्रणाने काही विपर्यासही रूढ केले. दुसरी सिंफनी लेनर्ड बर्नस्टाइनने १९५१ मध्ये प्रथम सादर केली व १९५८ मध्ये मुद्रित केली. १९५१ च्या छापील स्वरलेखनात अनेक चुका होत्या. बर्नस्टाइनने काही भाग गाळले आणि अखेरचा विसंवादी स्वरमेळ, मुळात आखूड असूनही, लांबविला. कित्येक श्रोत्यांना तेच मूळ रूप वाटले. पुढे हस्तलिखितांवरून चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. तीनुसार केनेथ शेर्मरहॉर्न व नॅशव्हिल सिंफनी वाद्यवृंद यांचे ध्वनिमुद्रण २००० मध्ये निघाले. म्हणूनच आइव्ह्‌जच्या रचनेचे ध्वनिमुद्रण ऐकताना ते कोणत्या संहितेवर आधारलेले आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.