श्रमहर रान

शीण घालविण्यासाठीं अश्वगंधेच्या नि अळंब्यांच्या पुड्या हल्लीं शहरांत खपतात, आणि त्यांवर प्राचीनत्वाचा शिक्का मारण्यास विक्रेते चुकत नाहींत. चरकसंहितेंत पाहावें तर अश्वगंधा ‘बल्य’ वर्गांत आढळते. ‘श्रमहर’ म्हणून सांगितलेलीं दहा द्रव्यें निराळींच आहेत. द्राक्ष, खजूर, चारोळी, बोर, डाळिंब, ऊंस, जव, साठी तांदूळ इत्यादि, म्हणजे निव्वळ खाद्यें! अळंब्यांस तर ती संहिता थंड, जड व पडसें आणणाऱ्या म्हणते. मनूनें त्या द्विजांस वर्ज्यच केल्या.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांत (१९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता) मनूचें कोण ऐकतो? पावसाळ्यांत वारुळाच्या जमिनींतून ‘सात्या’ वर आल्या, कीं रोवणीनें पाठ मोडलेल्या घरांत त्यांची भाजी शिजते. मोहफूल आणि चारोळी उन्हाळ्यांतलीं. चरकाचा श्रमहर वर्ग आम्हांस येथें अधिक ओळखीचा वाटतो.

परंतु हें रान कोणाचें? १९२७ च्या वन कायद्यानें मोहफुलें, तीं रानांतलीं असोत वा नसोत, वनोपजांत घातलीं. राखीव रानांतून परवानगीवांचून वनोपज नेणें हा गुन्हा झाला. शीण घालविणारें अन्नच असें सरकारच्या कुलुपांत गेलें. कंदमुळें, मध, औषधी वनस्पती यांवर वेंचणाऱ्यांची मालकी कायद्यानें मानली ती २००६ सालीं. आणि २००९ मध्यें धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) येथील गोंडांच्या ग्रामसभेस सुमारें १,८०० हेक्टर रानाचा सामूहिक हक्क मिळाला.